अमेरिकेतलं ॲस्बेस्टॉस आणि एकमेकांत गुंतलेले कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत जुनी वास्तू घेतली की कधी ना कधी ॲस्बेस्टॉसशी, म्हणजे श्वासात गेल्यास घातक ठरणाऱ्या खनिज तंतूंशी, गाठ पडते. बेसमेंटमधल्या पाइपांवरचं पांढरं, प्लास्टरसारखं वेष्टन, छतावर फवारलेला पॉपकॉर्नसारखा थर, कार्पेट उचलल्यावर खाली निघालेल्या नऊ इंची चौकोनी टाइल्स. वस्तू ओळखणं त्या मानाने सोपं आहे. कोणता कायदा लागतो हे ओळखताना माणसं अडखळतात, आणि चूक बहुतेक वेळा एकच असते: एका कायद्यात सूट मिळाली म्हणजे सगळ्यांतून सुटलो असं धरून चालणं.

ॲस्बेस्टॉसचा एकच कायदा का नाही?

कारण प्रत्येक कायदा वेगळी गोष्ट राखतो. क्लीन एअर ॲक्टखालचा ‘नेशॅप’ नियम (१९७३ पासून, ईपीए म्हणजे पर्यावरण संस्थेचा) बाहेरची हवा राखतो. ओशा या कामगार सुरक्षेच्या फेडरल संस्थेचा नियम कामगाराचा श्वास राखतो: आठ तासांच्या सरासरीत दर घन सेंटिमीटर हवेत ०.१ तंतू, आणि कुठल्याही अर्ध्या तासात १ तंतू, याच्या वर नाही. १९८६ चा अहेरा कायदा शाळांसाठी आहे. टॉस्का हा रसायनांचा कायदा बनवण्या-विकण्यावर चालतो. निघालेला माल कुठे टाकायचा हे कचऱ्याचे कायदे सांगतात आणि ट्रकमधून कसा न्यायचा हे वाहतूक खातं. यावर राज्याचं लायसन्स, शहराची परवानगी आणि काही भागांत हवा-नियंत्रण डिस्ट्रिक्टचे नियम. हे सगळे एकाच वेळी लागू असतात. एकाने सोडलं म्हणून दुसरा सोडत नाही.

राज्याचा कायदा फेडरलपेक्षा कडक असेल तर कोणता पाळायचा?

दोन्ही, म्हणजे व्यवहारात कडक तो. क्लीन एअर ॲक्टचं कलम ११६ राज्यांना जास्त कडक नियम करू देतं, ढिले नाही. अहेरामध्येही तशी स्पष्ट तरतूद आहे. अनेक राज्यांत नेशॅपची अंमलबजावणी ईपीएने राज्याकडे किंवा स्थानिक हवा-डिस्ट्रिक्टकडे सोपवली आहे, पण ईपीए स्वतः कारवाई करू शकते, तो हक्क तिने सोडलेला नाही.

कामगार सुरक्षेचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे राज्याला स्वतःचे नियम चालवायचे असतील तर आधी ओशाकडून ‘स्टेट प्लॅन’ मंजूर करून घ्यावा लागतो आणि तो फेडरलइतका तरी परिणामकारक असावा लागतो. कॅलिफोर्नियाचा असा प्लॅन आहे. न्यू जर्सीचा प्लॅन फक्त राज्य आणि स्थानिक सरकारी कर्मचाऱ्यांपुरता आहे, खासगी कंपन्यांवर तिथे फेडरल ओशाच. मंजुरीशिवाय राज्याने कामगार सुरक्षेत हात घातला तर काय होतं हे १९९२ च्या गेड खटल्यात दिसलं. इलिनॉयने घातक कचऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी केलेले लायसन्सचे कायदे सुप्रीम कोर्टाने फेडरल कायद्यापुढे टिकू दिले नाहीत, आणि ‘आमचा हेतू जनतेचं रक्षण हाही होता’ ही सबब चालली नाही. मग ॲस्बेस्टॉस ठेकेदारांची राज्य लायसन्सं कशाच्या आधारावर उभी आहेत? अहेरा कायद्यानेच राज्यांना प्रशिक्षण आणि मान्यतेची व्यवस्था करायला सांगितलं आहे, त्याच्या.

माझं एका कुटुंबाचं घर आहे. मला काहीच लागू नाही ना?

नेशॅपमधून चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या निवासी इमारती वगळल्या आहेत, हे खरं. घराघरांत सांगितलं जातं ते तेवढंच. उरतं ते असं:

तुम्ही स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने काम करत असाल तर ओशा येत नाही, कारण नोकर-मालक संबंधच नाही. पण माणसं कामाला ठेवणारा ठेकेदार दारात आला की ओशाचा बांधकाम नियम त्याच्यासोबत आत येतो, घर केवढंही असो.

राज्याचं लायसन्स वेगळं. कॅलिफोर्नियात १०० चौरस फूट किंवा जास्त ॲस्बेस्टॉस-युक्त माल काढणाऱ्या ठेकेदाराकडे त्या कामाचं लायसन्स (सी-२२ वर्ग) आणि कॅल-ओशा या राज्याच्या कामगार सुरक्षा संस्थेकडची नोंदणी दोन्ही लागतात. लॉस एंजेलिस परिसरात साऊथ कोस्ट डिस्ट्रिक्टचा नियम १४०३ एका कुटुंबाच्या घरालाही लागतो आणि नूतनीकरणाआधी पाहणी मागतो. राहत्या घरात मालक स्वतः काम करत असेल तर सवलत आहे. ठेकेदार आणला की सवलत गेली.

राज्याचा कचऱ्याचा कायदा अनेकदा घर-दुकान असा भेद फेडरलइतक्या उदारपणे करत नाही. काउंटीच्या लँडफिलला (कचरा पुरण्याच्या जागेला) आधी फोन करा. अनेक ठिकाणी ठरावीक दिवशी आणि बांधूनच घेतात.

मग चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या इमारतींनाही नेशॅप कधी लागतो?

तीन वाटांनी. एकाच मालकाची दोन किंवा जास्त छोटी घरं एकाच प्रकल्पासाठी, समजा दुकानांच्या संकुलासाठी, एकदम पाडायची असतील तर ती एकत्र धरली जातात. घर आधीच ऑफिस किंवा क्लिनिक म्हणून वापरात असेल तर ते निवासी राहत नाही. आणि इमारत एखाद्या मोठ्या व्यापारी जागेचा भाग असेल तर. गुंतवणुकीसाठी शेजारशेजारची दोन डुप्लेक्स घेऊन एकदम पाडणारे इथे हटकून सापडतात.

इमारत १९८० नंतरची आहे. तपासणी लागेल का?

प्रत्येक कायद्याची तारीख वेगळी आहे, आणि नेशॅपला तर तारीखच नाही. ओशा म्हणतं, १९८० किंवा त्याआधीच्या इमारतीतलं पाइपांचं वेष्टन आणि फवारलेला किंवा लिंपलेला थर ॲस्बेस्टॉसच आहे असं धरा, नाही हे सिद्ध करेपर्यंत. त्या काळातल्या व्हिनाइल आणि अस्फाल्ट फरशीलाही तेच. न्यू यॉर्क शहरात १ एप्रिल १९८७ ही रेघ आहे. कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्यांना लेखी कळवण्याचा कायदा १९७९ आधीच्या इमारतींना लागतो. नेशॅपखाली मात्र व्यापारी किंवा मोठी इमारत पाडण्याआधी किंवा दुरुस्त करण्याआधी ‘कसून पाहणी’ लागते, ती इमारत २००५ ची का असेना. ‘नवीन आहे, बघायची काय गरज’ म्हणून पाडलेल्या इमारतीत ॲस्बेस्टॉस नव्हतंच असं निघालं, तरी पाहणी आणि नोटीस न दिल्याचा गुन्हा उरतोच.

‘१ टक्का’ म्हणजे नक्की काय? लॅबचा अहवाल ‘०.५ टक्के’ म्हणतो.

ईपीए आणि ओशा दोघांकडे ॲस्बेस्टॉस-युक्त माल म्हणजे १ टक्क्यापेक्षा जास्त. पण ‘१ च्या खाली म्हणजे मोकळे’ असं नाही. तुकडे ओले करूनच हाताळा, कॉम्प्रेस्ड हवेने उडवू नका, या ओशाच्या मूळ अटी कमी टक्केवारीलाही आहेत. कॅलिफोर्नियात तर बांधकामाच्या मालाची रेघ वजनाच्या ०.१ टक्के आहे. त्यामुळे तिथे ०.५ टक्क्याचा अहवाल म्हणजे सुटका नव्हे.

दुसरी गफलत जिप्सम बोर्डच्या भिंतीत होते. सांध्यांवरच्या लिंपणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, बोर्डात बहुधा नसतं. नेशॅपखाली बोर्ड, टेप आणि लिंपण ही एक ‘भिंत-पद्धत’ धरून सरासरी काढता येते आणि ती १ च्या खाली येऊ शकते. ओशा ती सरासरी मानत नाही, थर वेगळा मोजतो. म्हणजे एकाच भिंतीबाबत हवा-खात्याला नोटीस नको आणि कामगारांना मात्र पूर्ण संरक्षण हवं, अशी स्थिती येते. लॅबला आधीच सांगा: थरनिहाय आकडेही द्या. नुसत्या एकत्र आकड्याचा अहवाल ठेकेदाराच्या सुरक्षा अधिकाऱ्याला निरुपयोगी आहे.

तिसरी: सूक्ष्मदर्शकाखाली नजरेने १० टक्क्यांखाली वाटलं तर नेशॅप दोन पर्याय देतं. पॉइंट काउंट पद्धतीने (सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक बिंदू मोजून) मोजून घ्या, नाहीतर ॲस्बेस्टॉस-युक्त समजून चाला. काउंटला थोडे पैसे जास्त पडतात, पण सीमारेषेवरच्या मालाला ते वाचवणं महागात जातं.

नऊ इंची टाइल्स काढायच्या आहेत. नोटीस लागेल का?

हा प्रश्न सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण इथे माल तोच राहतो आणि हत्यारावरून कायदा बदलतो.

सहा बिऱ्हाडांच्या इमारतीतला १२ बाय १५ फुटांचा हॉल घ्या. १८० चौरस फूट, म्हणजे साधारण ३२० टाइल्स, खाली काळा डांबरी गोंद. नेशॅपच्या मर्यादा अशा: पाइपांवर २६० फूट लांबी, इतर भागांवर १६० चौरस फूट, आणि मोजता न येणाऱ्या ढिगाला ३५ घनफूट. १८० हे १६० पेक्षा जास्त. तरीही टाइल्स शाबूत असतील, पाणी मारून पट्टीने अख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांत सुटत असतील, तर त्या ‘न भुरभुरणाऱ्या, वर्ग १’ मालात बसतात आणि मर्यादेत मोजल्याच जात नाहीत. त्याच गोंदावर कोणी सँडर किंवा शॉट-ब्लास्टर फिरवला की तो नियंत्रित माल झाला, १८० चौरस फूट मोजले गेले, आणि १० दिवस आधीची नोटीस न दिल्याचा गुन्हा त्याच क्षणी घडला. गोंद काढायचा असेल तर ओला ठेवून हाताने खरवडणं किंवा रासायनिक द्रावण, नाहीतर वरून नवीन फरशी टाकून बंद करणं. आमच्या मते शेवटचा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा.

शीट व्हिनाइल वेगळं. त्याच्या पाठीवरचा कागदी थर अनेकदा ॲस्बेस्टॉसचाच असतो आणि ओढताना फाटून भुरभुरतो. त्याला टाइलसारखं वागवू नका.

ओशाच्या बाजूने ही फरशी ‘वर्ग २’ चं काम. पाइपांचं वेष्टन आणि फवारलेला थर काढणं वर्ग १, डागडुजी वर्ग ३ (१६ तासांचं प्रशिक्षण), साफसफाई वर्ग ४ (किमान २ तास). नेशॅपच्या ‘वर्ग १’ चा आणि ओशाच्या ‘वर्ग १’ चा काहीही संबंध नाही. एक मालाचा वर्ग आहे, दुसरा कामाचा. निविदेत दोन्ही एकाच नावाने लिहिले की गोंधळ ठरलेला.

१० दिवस म्हणजे कसे मोजायचे?

कामाचे दिवस. सोमवार ते शुक्रवार, आणि त्यात येणारी सुट्टीही मोजली जाते. इमारत पाडायची असेल तर ॲस्बेस्टॉस शून्य असलं तरी नोटीस लागते. दुरुस्तीला फक्त मर्यादा ओलांडली तर. काम आधी सुरू करायचं ठरलं तर नवी लेखी नोटीस आणि पुन्हा १० दिवस. पुढे ढकललं तर जुनी तारीख येण्याआधी फोन आणि मग लेखी. मोठ्या इमारतीत वर्षभर लहानसहान कामं चालत असतील तर १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातली अंदाजित बेरीज धरतात. तीस-तीस चौरस फुटांची सहा कामं म्हणजे १८०.

शहराची घड्याळं निराळी. न्यू यॉर्क शहरात बांधकाम परवानगीसाठी प्रमाणित तपासनिसाचा, हे ॲस्बेस्टॉसचं काम नाही असं सांगणारा एसीपी-५ फॉर्म लागतो. १० चौरस फूट किंवा २५ फूट लांबीच्या वर माल हलणार असेल तर एसीपी-७ ही नोटीस एक आठवडा आधी. फेडरल नोटीस दिली म्हणून हे चुकत नाही, आणि हे दिलं म्हणून फेडरल चुकत नाही. अचानक पाइप फुटला, छत कोसळलं तर नेशॅपखाली पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत कळवावं लागतं. नियोजनातला आळस ‘आणीबाणी’ ठरत नाही.

मंडळाने जुनं चर्च विकत घेतलंय. स्वयंसेवक शनिवार-रविवारी फरशी आणि छत काढतील. चालेल?

नका करू. स्वयंसेवक ओशाच्या अर्थाने कर्मचारी नसतात, म्हणून ‘कायदा लागत नाही’ असं कोणी तरी बैठकीत सांगतं. पण नेशॅप मजुरीकडे पाहत नाही, वास्तूकडे पाहतो. चर्च, मंदिर, सभागृह यांना धार्मिक किंवा ना-नफा म्हणून सूट नाही, आणि मालक म्हणून संस्था थेट जबाबदार आहे. नियंत्रित माल हलवताना प्रशिक्षित माणूस जागेवर हवा, तंतूंचा धुरळा बाहेर दिसता कामा नये, माल ओला ठेवून बंद करायला हवा. वर राज्याचं लायसन्स. न्यू यॉर्क राज्यात ‘कोड रूल ५६’ या ॲस्बेस्टॉस-नियमाची लहान प्रकल्पांची रेघही १० चौरस फुटांपासून सुरू होते.

क्रम असा ठेवा: खरेदीच्या करारातच पाहणीची अट; मान्यताप्राप्त तपासनिसाकडून नमुने (फवारलेल्या थराला १,००० चौरस फुटांपर्यंत ३, ५,००० पर्यंत ५, त्यावर ७); अहवालानंतर आराखडा; मग निविदा. बॉयलरची खोली आणि स्टेजमागचा पडदा तपासायला विसरतात. जुने आगरोधक पडदे ॲस्बेस्टॉसचे असत. स्वयंसेवकांना रंग आणि फर्निचर द्या, ते सगळं क्लिअरन्सनंतर, म्हणजे काम संपून हवा स्वच्छ असल्याचं तपासल्यावर.

आमची मराठी शाळा रविवारी एका पब्लिक स्कूलच्या वर्गात भरते. तिथे काय?

अहेरा त्या इमारतीला लागतो, कारण ती बारावीपर्यंतची शाळा आहे. तुमच्या रविवारच्या वर्गांना स्वतंत्र कर्तव्य नाही. शाळेकडे व्यवस्थापन आराखडा असतो: कुठे काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे. दर ६ महिन्यांनी नजर फिरवणं, दर ३ वर्षांनी पुन्हा तपासणी, आणि पालक-शिक्षकांना दरवर्षी सूचना. आराखडा ऑफिसात कोणालाही पाहता येतो, मागा. आणि भिंतीला पताका-तोरणं लावण्यासाठी खिळे ठोकायच्या किंवा ड्रिल करायच्या आधी विचारा.

बंदी आली ना? मग जुन्या मालाचं काय?

१९८९ मध्ये ईपीएने जवळपास सरसकट बंदी आणली होती. १९९१ मध्ये पाचव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे एका फेडरल अपील कोर्टाने, तिचा बहुतेक भाग रद्द केला. २०१६ मध्ये टॉस्का सुधारला आणि मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइलवर, म्हणजे तेव्हा आयात होणाऱ्या एकमेव प्रकारावर, टप्प्याटप्प्याची बंदी जाहीर झाली: क्लोरीन कारखान्यांतले डायफ्रॅम, ब्रेक, गॅस्केट. भिंतीत आधीच बसलेल्या मालाला ही बंदी हात लावत नाही. घरात ॲस्बेस्टॉस असणं बेकायदा नाही, काढलंच पाहिजे असंही फेडरल कायदा म्हणत नाही. सिमेंटच्या पत्र्यांच्या सवयीने वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटतं. उलट ‘बंदी आली’ ऐकून घाईने शाबूत वेष्टन फोडणारे जास्त धोका ओढवतात.

ठेकेदाराकडे लेड-पेंटचं सर्टिफिकेट आहे. पुरेल?

नाही. १९७८ आधीच्या घरांसाठी ईपीएचा शिशाच्या रंगाचा नियम (आतून खोलीला ६ चौरस फुटांच्या वर, बाहेरून २० च्या वर) स्वतंत्र आहे. प्लास्टिकचे पडदे आणि हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) व्हॅक्यूम दोन्हीकडे लागतात म्हणून ही सर्टिफिकेटं सारखी वाटतात, पण एक दुसऱ्याचं काम करत नाही. घर विकताना शिशाची माहिती देणं फेडरल कायद्याने सक्तीचं आहे. ॲस्बेस्टॉसबाबत तशी फेडरल सक्ती नाही, राज्याचा फॉर्म काय विचारतो ते पाहा. माहीत असून खोटं लिहिलं तर तो फसवणुकीचा दावा, ॲस्बेस्टॉस कायद्याचा नव्हे.

निघालेला माल कुठे टाकायचा?

एक बंद पोतं समोर ठेवून बघा. सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं, आत ओला माल, वर ओशाचा धोक्याचा मजकूर. त्याखाली नेशॅपसाठी माल कुठून निघाला त्या जागेचं आणि मालकाचं नाव. भुरभुरणारा माल असेल तर वाहतूक खात्याची वर्ग ९ ची (इतर धोकादायक माल) खूण. एकाच पोत्यावर तीन कायदे.

फेडरल कचरा कायद्यात ॲस्बेस्टॉस ‘घातक कचरा’ नाही. कॅलिफोर्नियात भुरभुरणारा, १ टक्का किंवा जास्त असलेला माल घातक कचराच आहे, मॅनिफेस्टसकट (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदासकट). तोच ट्रक नेवाडात शिरला की नाव बदलतं, पण वर्ग ९ बदलत नाही. सिमेंट किंवा व्हिनाइलमध्ये घट्ट बांधलेला माल वाहतूक नियमातून वगळलेला आहे.

कचऱ्याच्या पावतीची लँडफिलची सही असलेली प्रत ३५ दिवसांत परत आली नाही तर विचारणा करा. ४५ दिवसांत आली नाही तर सरकारला लेखी कळवावं लागतं. ही तारीख कॅलेंडरवर टाका, ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. आणि भुरभुरणारं १ पौंड ॲस्बेस्टॉस उघड्यावर सांडलं तरी प्रदूषित जागांच्या सफाईच्या सुपरफंड कायद्याखाली नॅशनल रिस्पॉन्स सेंटर या राष्ट्रीय केंद्राला कळवणं लागतं.

एकाच चुकीसाठी दोन खाती दंड करू शकतात?

करतात. कोरडं वेष्टन फोडलं तर हवेसाठी एक आणि कामगारासाठी दुसरा. राज्य लायसन्सही जाऊ शकतं. जाणूनबुजून नेशॅप मोडणं फौजदारी गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद.

नियम पाळले तर आजारी पडलेल्या कामगाराचा दावा टळतो?

ओशा कायद्याचं कलम ४(ब)(४) सांगतं की या कायद्याने राज्यांची कामगार-भरपाई किंवा दाव्याचे हक्क बदलत नाहीत. मालकाविरुद्ध साधारणपणे भरपाई हाच मार्ग, माल बनवणाऱ्याविरुद्ध मात्र दिवाणी दावा. अनेक उत्पादक दिवाळखोरीत गेले (जॉन्स-मॅनव्हिल १९८२ मध्ये), त्यांच्या जागी दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५२४(जी) खालचे ट्रस्ट पैसे देतात. रेल्वे इंजिनांची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये कर्न्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की इंजिन-तपासणीच्या फेडरल कायद्यापुढे राज्याच्या कायद्याखालचे उत्पादकांवरचे दावे उभे राहत नाहीत. मुदत राज्याराज्यांत वेगळी आणि बहुधा निदानापासून मोजतात, त्यामुळे निदान झाल्यावर वकील लवकर गाठावा.

कागद किती वर्षं ठेवायचे?

कचऱ्याच्या पावत्या नेशॅपखाली किमान २ वर्षं. हवा मोजल्याचे आकडे ओशाखाली ३० वर्षं, आणि कामगाराची वैद्यकीय नोंद नोकरीचा काळ अधिक ३० वर्षं. घरमालकाला सक्ती नाही, तरी अहवाल, क्लिअरन्स आणि लँडफिलची सही केलेली प्रत घराच्या खरेदीखतासोबत ठेवा. पुढचा खरेदीदार किंवा पुढचा प्लंबर पहिल्याच दिवशी तेच मागेल.